ड्रायव्हर सापडत नाही, तेव्हा स्क्रीनने काय बोलावं?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेल्या पुनरुक्ती तेवढ्या काढल्या आहेत, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष वाटेल, पण तुमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकावर ही वेळ आलेली असणार. लॅपटॉप हळू चालत होता म्हणून दुकानात नेऊन ‘फॉरमॅट मारून’ आणला. घरी येऊन बघताय तर आवाज नाही. किंवा वाय-फायचं चिन्हच गायब. किंवा सगळी अक्षरं एवढी मोठी, की जणू काही आजोबांच्या चष्म्यातून बघतोय. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणतो, “ड्रायव्हर टाकायचे राहिले असतील, घेऊन या.”

तर हा ड्रायव्हर संगणकाला स्वतःलाच शोधता आला पाहिजे, आणि नाही सापडला तर निदान नीट सांगता आलं पाहिजे. ते सांगणारी स्क्रीन कशी असावी, यावर आज बोलायचंय. मी इंटरफेस डिझाइनचं काम करते. जुने लॅपटॉप दुरुस्त करून, त्यावर उबुंटू घालून शाळांना देणारा एक छोटा गट आहे, त्यांच्यासाठी सध्या नेमकी हीच स्क्रीन करतेय. त्यामुळे विषय डोक्यात घोळतोय.

आधी थोडं आतलं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. संगणकातल्या प्रत्येक भागाला, म्हणजे साउंड कार्ड, वाय-फाय कार्ड, यूएसबीला लावलेला प्रिंटर, या प्रत्येकाला एक क्रमांक असतो. त्याचे दोन तुकडे: पहिला बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या वस्तूचा. इंटेलचा कंपनी क्रमांक आहे ८०८६. ज्यांनी इंजिनिअरिंगला मायक्रोप्रोसेसर शिकलाय त्यांना हसू येईल, कारण तो त्यांच्या त्या जुन्या प्रोसेसरचाच आकडा आहे. एनव्हिडियाचा १०डीई, ब्रॉडकॉमचा १४ई४. ड्रायव्हरच्या फाइलमध्येही यादी असते, की मी अमुक अमुक क्रमांकांच्या वस्तू चालवू शकतो. संगणक चालू होताना हे क्रमांक विचारतो, यादीशी जुळवतो, आणि जुळला की ड्रायव्हर लावतो. झालं एवढंच. लग्न जुळवण्यापेक्षा सोपं काम आहे.

म्हणजे बघा, ड्रायव्हर नसतानाही संगणकाला बरंच काही माहीत असतं. वस्तू आहे हे माहीत असतं. कोणत्या कंपनीची हे माहीत असतं. बऱ्याचदा ती नेटवर्कची आहे की आवाजाची, हेही माहीत असतं, कारण तसा वर्गाचा आकडाही ती वस्तू सांगते. आणि एवढं सगळं माहीत असून विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर आपल्याला काय दाखवतो? पिवळा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह, आणि शेजारी ‘अननोन डिव्हाइस’. त्यावर दोनदा क्लिक केलं तर ‘कोड २८’. कोड २८ म्हणजे या वस्तूचा ड्रायव्हर बसवलेला नाही. क्रमांक बघायचा असेल तर प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग एक खाली उघडणारी यादी, त्यात ‘हार्डवेअर आयडीज’. हे शोधून काढणारा माणूस आधीच तज्ज्ञ असतो. ज्याला मदत हवी आहे तो तिथवर पोहोचतच नाही.

मला पहिली गोष्ट हीच सांगायची आहे, की सुरुवात वस्तूच्या नावाने करू नका, काय बंद पडलंय त्याने करा. एका शाळेत मी शिक्षिकांच्या शेजारी बसून त्या लॅपटॉपशी कशा झटापट करतात ते बघत होते. त्यांनी एकदाही ‘ड्रायव्हर’ हा शब्द उच्चारला नाही. त्या म्हणाल्या, “मॅडम, कवितेचा व्हिडिओ लावला तर चित्र दिसतं, आवाज येत नाही. स्पीकर गेला का हो?” त्यांना भीती होती ती खर्चाची. स्पीकर गेला असेल तर दुरुस्तीचे पैसे कुठून आणायचे. म्हणजे स्क्रीनने सर्वात आधी जे सांगायला हवं ते असं: ‘आवाज येत नाहीये. स्पीकर बिघडलेला असेलच असं नाही. आवाजाचा भाग चालवणारं सॉफ्टवेअर या संगणकावर नाही.’ तीन छोटी वाक्यं. यातलं मधलं वाक्य कोणत्याही तयार स्क्रीनवर मला आजवर दिसलेलं नाही, आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोलाचं आहे.

शब्दाचाही प्रश्न आहेच. ‘ड्रायव्हर’ मराठीत म्हणजे एसटीचा ड्रायव्हर. भाषांतर करायला बसलं की कुणीतरी ‘चालक’ सुचवतं. ‘चालक सापडला नाही.’ हे वाचून वाटतं, स्वारगेटला गाडी उभी आहे आणि ड्रायव्हर चहाला गेलाय! मी ‘ड्रायव्हर’ हाच शब्द ठेवते, कारण दुकानदार तोच वापरतो, आणि स्क्रीनवरचा शब्द दुकानदाराला फोनवर वाचून दाखवता आला पाहिजे. फक्त पहिल्यांदा येतो तिथे शेजारी ‘हा भाग चालवणारं सॉफ्टवेअर’ असं लिहिते. पारिभाषिक शब्दांची शुद्धता वगैरे चर्चा मला आवडतात, पण या स्क्रीनवर नकोत.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ, कारण या प्रश्नावर लिनक्सच्या जगात बराच विचार झालाय. २००७च्या एप्रिलमध्ये उबुंटूची ७.०४ ही आवृत्ती आली, तिच्यात ‘रिस्ट्रिक्टेड ड्रायव्हर्स मॅनेजर’ नावाची छोटी चौकट होती. पुढे तिची जागा ‘जॉकी’ नावाच्या प्रोग्रॅमने घेतली, आणि २०१२पासून ती ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ म्हणून सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन बसली. कल्पना साधी आणि छान होती. संगणक स्वतः बघणार, की या वस्तूला कंपनीने बनवलेला बंदिस्त ड्रायव्हर उपलब्ध आहे का, आणि असेल तर तुम्हाला विचारणार: लावू का?

‘विचारणार’ यात एक गोम आहे. उबुंटूवाल्यांच्या मनात अडचण होती, की ज्या सॉफ्टवेअरचा आतला कोड आपल्याला बघता येत नाही, ते आपण गुपचूप लोकांच्या संगणकात कसं घालायचं? म्हणून त्या चौकटीत सूचना लिहिलेली असायची, की हा कोड आम्हाला तपासता किंवा सुधारता येत नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या सर्वस्वी कंपनीवर अवलंबून आहेत. प्रामाणिक सूचना आहे. डेबियनने तर याहून कडक भूमिका वर्षानुवर्षं पाळली. त्यांच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असलं बंदिस्त फर्मवेअर नसायचंच. मग २०२२मध्ये त्यांच्या सदस्यांनी मतदान केलं आणि २०२३च्या जूनमध्ये आलेल्या डेबियन १२पासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये आलं. कारण सरळ होतं: आजकालच्या बहुतेक लॅपटॉपचं वाय-फाय त्याच्याशिवाय चालतच नाही. तत्त्व जपलं तर माणूस दारातूनच परत जायचा.

मला स्वतःला विचारून लावणं पसंत आहे. पण विचारायचं तर माणसाला ठरवता येईल असं विचारा. आज अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स उघडून बघा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर पाच-सहा गोल बटणांची रांग दिसते. प्रत्येकापुढे वेगळा आकडा, कुठे ‘सर्व्हर’ लिहिलंय, कुठे ‘ओपन’, एकापुढे कंसात ‘टेस्टेड’. शिक्षिकेने यातून काय निवडायचं? मी एकच दाखवते, तपासून पाहिलेला, आणि बाकीचे ‘इतर पर्याय’च्या मागे ठेवते. आणि बटणाशेजारी किती एमबी उतरवावं लागेल तेही लिहिते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर काही शे एमबीचा असतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजच्या दीड जीबीतून ते जाणार असेल, तर बटण दाबायच्या आधी कळायला नको?

हॉटस्पॉटवरून आठवलं, आता सगळ्यात गमतीदार पेच. वाय-फायचा ड्रायव्हर नाही. तो कुठे आहे? इंटरनेटवर. इंटरनेटवर कसं जायचं? वाय-फायने. किल्ली घरात आणि कुलूप बाहेरून.

ब्रॉडकॉमच्या वाय-फाय कार्डांनी लिनक्सवाल्यांना या पेचात अक्षरशः वर्षानुवर्षं फिरवलंय. उबुंटूने त्यावर काढलेला तोडगा मला पटतो: तो ड्रायव्हर इन्स्टॉलच्या डिस्कमध्येच ठेवून दिला, म्हणजे नेट नसलं तरी डिस्कवरून घेता येतो. विंडोज ११ बसवतानाही लोक अडकतात. ‘नेटवर्कला जोडा’ म्हणून स्क्रीन येते, पण वाय-फायचा ड्रायव्हर नसल्यामुळे जोडायला एकही नेटवर्क दिसत नाही, आणि पुढचं बटण मंद. अलीकडच्या आवृत्तीत त्या स्क्रीनवर ड्रायव्हर बसवण्याचं बटण दिलंय. उशिरा का होईना.

पण आपल्याकडे एक तोडगा प्रत्येकाच्या खिशात असतो आणि कुठलीच स्क्रीन तो सुचवत नाही. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला लावायचा, फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचं. बस. लिनक्समध्ये त्यासाठी वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही, फोन एखाद्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो. केबल मात्र डेटा जाणारी हवी, नुसती चार्जिंगची चालत नाही. हेही स्क्रीनवर लिहा, कारण घरातल्या निम्म्या केबल तसल्याच असतात. आमच्या स्क्रीनवर नेट नसेल तर सगळ्यात वर हेच येतं, चित्रासकट. शाळेत हे दाखवलं तेव्हा सातवीतल्या एका मुलाने शिक्षिकेला सांगून टाकलं, “बाई, हे मला माहीत होतं.” त्याला माहीत होतं, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

बटण दाबलं, ड्रायव्हर उतरला, बसला. संपलं का? नाही. इथे उबुंटूमध्ये एक जागा आहे, जिचा मला मनापासून राग येतो. लॅपटॉपमध्ये ‘सिक्युअर बूट’ चालू असेल तर बाहेरच्या काही ड्रायव्हरना थेट परवानगी मिळत नाही. म्हणून बसवताना तुम्हाला एक नवा पासवर्ड ठरवायला सांगतात. तुम्ही ठरवता, विसरता. मग संगणक बंद होऊन चालू होतो आणि अचानक निळी स्क्रीन येते, इंग्रजीत, माउस चालत नाही, आणि वर लिहिलेलं असतं की एखादी कळ दाबा, दहा सेकंदांत पुढे जातोय. दहा, नऊ, आठ... माणूस घाबरून काहीच करत नाही, आणि संगणक सरळ चालू होतो, ड्रायव्हरशिवाय. पुढे कुणी सांगत नाही की ती निळी स्क्रीन चुकल्यामुळे हे झालं. माणसाला वाटतं, बसवूनसुद्धा चालत नाही, म्हणजे कार्डच गेलं.

ती निळी स्क्रीन मला बदलता येत नाही, ती उबुंटू सुरू होण्याच्याही आधीची आहे. पण तिच्या आधीची स्क्रीन माझी आहे. तिथे मी त्या निळ्या स्क्रीनचा फोटोच दाखवते. ‘आता संगणक बंद होऊन चालू होईल. अशी स्क्रीन दिसेल. घाबरू नका, लगेच कोणतीही कळ दाबा. मग एनरोल एमओके निवडा आणि हा पासवर्ड द्या. पासवर्ड आत्ता वहीत लिहून ठेवा, किंवा या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा.’ हो, पासवर्ड लिहून ठेवा असं सांगते. तो एकदाच लागतो. सुरक्षावाल्या मित्रांनी कपाळाला हात लावून घ्यावा. आणि चालू झाल्यावर ड्रायव्हर लागला नसेल, तर पुन्हा तिथेच आणून सोडते: ‘निळ्या स्क्रीनवरची पायरी राहिली. पुन्हा करू या?’

आता मुख्य मुद्द्याकडे येते. या सगळ्या प्रकारात सर्वात दुर्लक्षित स्क्रीन कोणती? जिथे काहीच सापडत नाही, ती. उबुंटूच्या त्या चौकटीत एक वाक्य येतं: ‘नो अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स अव्हेलेबल.’ आणि हे वाक्य दोन अगदी उलट परिस्थितींत येतं. सगळं मस्त चालू आहे, आणखी काही लावायची गरज नाही, तेव्हाही हेच. आणि तुमचं वाय-फाय कार्ड मेल्यासारखं पडलंय, त्याला यादीत काहीच नाही, तेव्हाही हेच! डॉक्टरकडे गेलात आणि तो म्हणाला “औषध नाही”, तर तुम्ही विचाराल ना, की मला काही झालेलं नाही म्हणून नाही, की रोगावर उपाय नाही म्हणून नाही?

‘नाही’चे प्रकार आहेत, मंडळी. नेट नसल्यामुळे मी अजून नीट शोधलंच नाही, हा एक. शोधलं, यादीत हा क्रमांक नाही, हा दुसरा. आहे, पण जुन्या सिस्टिमसाठी आहे, हा तिसरा. कॅननचा एलबीपी २९०० हा लेझर प्रिंटर आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत अजून जोरात चालतो. असल्या जुन्या प्रिंटरांच्या बाबतीत सिस्टिम बदलली की हा प्रश्न हमखास येतो. आणि चौथा, ड्रायव्हर आहे, लागलाही आहे, पण वस्तूच उत्तर देत नाहीये. इथे मात्र खरोखर दुरुस्तीवाल्याकडे जायचंय. या चारांना एकच वाक्य वापरलं, की माणूस एकच गोष्ट करतो. गुगल.

आणि तिथे काय होतं हे तुम्ही पाहिलंय. प्रिंटरचं नाव आणि पुढे ‘ड्रायव्हर डाउनलोड’ टाका. कंपनीच्या पानाआधी जाहिराती. एका पानावर चार हिरवी डाउनलोड बटणं, त्यातलं खरं कोणतं ते देवाला ठाऊक. उतरतो तो एखादा ‘ड्रायव्हर अपडेटर’, तो सांगतो की तुमच्या संगणकात भरमसाट जुने ड्रायव्हर आहेत, पैसे भरा. माणूस मूर्ख असतो म्हणून हे होत नाही. आपली स्क्रीन गप्प बसली, आणि जी बोलली तिचं त्याने ऐकलं. ड्रायव्हर म्हणजे सिस्टिमच्या अगदी पोटात शिरणारं सॉफ्टवेअर. ते अनोळखी माणसाकडून घेणं म्हणजे घराची किल्ली देणं. ६४-बिट विंडोजने व्हिस्टापासून सही नसलेले ड्रायव्हर आत घ्यायला नकार दिला तो याचसाठी. पण ड्रायव्हरसोबत येणाऱ्या फुकटच्या प्रोग्रॅमला ती सही कुठे अडवते?

अधिकृत वाटेनेही विश्वास मोडतो, हेही सांगायला हवं. २०१४च्या ऑक्टोबरमध्ये एफटीडीआय या कंपनीने यूएसबी-सिरियल चिपचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून पाठवला. बाजारात त्यांच्या चिपच्या नकला खूप होत्या. या ड्रायव्हरने नकली चिप ओळखली की तिचा वस्तू क्रमांक बदलून शून्य करून टाकला. मगाशी सांगितलं ना, क्रमांकावरून जुळणी होते, तोच पुसला. ती चिप मग दुसऱ्या संगणकावरही ओळखली जाईना. विकत घेणाऱ्याला नकली आहे हे माहीतही नव्हतं. आरडाओरडा झाला आणि कंपनीने तो ड्रायव्हर मागे घेतला. प्रोलिफिकचं वागणं त्यामानाने सौम्य होतं: त्यांच्या नव्या ड्रायव्हरने जुन्या चिपच्या नावाच्या जागीच निरोप छापला, की ही २०१२पासून बंद झाली, विक्रेत्याशी संपर्क साधा. नावाच्या जागी निरोप! पण एका अर्थी त्यांचं मला कौतुक वाटतं. निदान त्यांनी कारण सांगितलं.

म्हणून आमच्या ‘सापडलं नाही’च्या स्क्रीनवर काय आहे ते वाचून दाखवते. उदाहरण वाय-फायचं, नेट फोनवरून जोडलेलं. ‘वाय-फाय चालू करता आलं नाही. आम्ही यादी आज तपासली, या कार्डासाठी ड्रायव्हर नाही. कार्ड बिघडलंय असं दिसत नाही. तोवर फोनची केबल लावून नेट वापरता येईल. गुगलवर शोधून ड्रायव्हर उतरवू नका. हा क्रमांक दुरुस्तीवाल्याला दाखवा.’ आणि खाली तो क्रमांक, मोठ्या अक्षरात, कंपनीच्या नावासकट, शेजारी क्यूआर कोड. फोनने स्कॅन केला की तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतो. कारण आपल्याकडे मदत तशीच मागितली जाते: भाच्याला, शेजारच्या दादाला, दुकानदाराला. डिव्हाइस मॅनेजरचा तिरका, अंधुक फोटो जाण्यापेक्षा नेमका आकडा गेला तर समोरचा पाच मिनिटांत उत्तर देतो.

गटातल्या एकाचं म्हणणं होतं, की ‘आमच्याकडे नाही’ असं एवढं ठळक लिहिलं तर लोक म्हणतील लिनक्स वाईट. म्हणू देत. असं कार्ड असलेल्या लॅपटॉपला दोन-तीनशे रुपयांचा यूएसबी वाय-फायचा तुकडा लावून काम भागतं, फक्त तो लिनक्सला चालणारा आहे ना ते घेण्याआधी बघायला हवं. ते वाक्य स्क्रीनवर घालायचं का, यावर आमचा वाद अजून चालू आहे. मी म्हणते घाला. विरोध करणारा म्हणतो, सॉफ्टवेअरने लोकांना खरेदी करायला सांगू नये. त्याचंही अगदीच चूक नाही.

तुमच्याकडे असा ‘अननोन’ पडून असलेला एखादा भाग असेल, तर एक करा. विंडोजमध्ये मगाशी सांगितलेल्या हार्डवेअर आयडीजमध्ये जा, लिनक्समध्ये टर्मिनलवर ‘एलएसपीसीआय’ किंवा ‘एलएसयूएसबी’ चालवा, आणि तो क्रमांक खाली प्रतिक्रियेत लिहा. कोणत्या लॅपटॉपमधला ते लिहायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.